तीन कॉर्ड आणि भरून आलेला हात

पुण्या-मुंबईच्या रॉकवाल्यांच्या वादात दोन वाक्यं ठरलेली. एक, पंक, म्हणजे ते झपाट्याचं, साधं रॉक, ही रियाज टाळणाऱ्यांची सोय. दुसरं, आपली बँडवाली पोरं अमेरिकेत असती तर त्यांचं सोनं झालं असतं. न्यू यॉर्कमध्ये राहून रमोन्स या तिथल्या पंक बँडच्या 1976 च्या पहिल्या अल्बमकडे पाहिलं की दोन्ही पटत नाहीत.

14 गाणी, जेमतेम 29 मिनिटं, खर्च सुमारे 6,400 डॉलर. कॉर्ड (एकत्र वाजणारे सूर) मोजकेच, कबूल. पण त्यांचा गिटारवाला जॉनी रमोनसारखं वाजवून बघा: प्रत्येक फटका वरून खालीच. अल्बममधल्या ‘ब्लिट्झक्रीग बॉप’ची लय मिनिटाला साधारण 175 ठोके, ठोक्याला दोन फटके, म्हणजे सेकंदाला जवळजवळ सहा. गाणं संपायच्या आत हात भरून येतो आणि नकळत खाली-वर सुरू होतं. तिथेच घात. वर येताना पिक (तारा छेडायची चकती) आधी बारीक तारांना लागतो, जाड तारा निसटतात, सलग आवाज विरळ पडतो. कोपर आवळू नका, मनगट हलवा. पिकचं टोक थोडंसंच बाहेर ठेवा. मेट्रोनोम (ठोके देणारं यंत्र) मिनिटाला 120 वर लावून अख्खं गाणं वाजवा. दम टिकला तरच पाच-पाचने वाढवा. डिस्टॉर्शनही (गिटारच्या आवाजाची मुद्दाम आणलेली खरखर) आवरा, नाहीतर कॉर्डचा नुसता गाळ होतो. हा रियाज नाही तर काय?

(एकाच कानात इयरफोन घालून हा अल्बम ऐकू नये. बेस डावीकडे, गिटार उजवीकडे. एक कान गेला की अर्धा बँड गेला. शिकणाऱ्यांची मात्र चंगळ: बॅलन्स डावीकडे सरकवला की बेस मोकळा ऐकू येतो.)

आता ते सोनं. बिलबोर्ड या अमेरिकी मासिकाच्या यादीत अल्बम 111 च्या वर चढला नाही. विक्रीचं गोल्ड प्रमाणपत्र मिळालं 2014 मध्ये. तोवर चौघांपैकी तिघं गेले होते. चौथा, ड्रमर टॉमी, त्याच वर्षी जुलैत गेला. न्यू यॉर्कच्या ज्या सीबीजीबी क्लबात ते घडले, तो भाड्याच्या वादानंतर 2006 मध्ये बंद झाला आणि तिथे महागड्या कपड्यांचं दुकान आलं. कौतुक इथेही श्राद्धालाच.

हेवा करायचाच तर त्या क्लबाच्या एका नियमाचा करावा. मालक हिली क्रिस्टल बँडांना स्वतःचीच गाणी वाजवायला लावायचे. आपल्याकडे पबवाल्यांना ओळखीचीच गाणी हवी असतात. एखाद्याने आठवड्यातला पडेल वार नव्या गाण्यांना द्यावा, बँडला अर्धा तास. ड्रम आणि अँप (गिटारचा आवाज वाढवणारं यंत्र) मात्र पबचेच हवेत. नाहीतर दोन बँडांमधला वेळ वायरी जोडण्यात जातो आणि गिऱ्हाईक बिल मागवतं.