अझुचीचा किल्ला पुन्हा बांधू नका

आज सकाळी एक रील पाहिलं आणि डोकंच फिरलं. आपलाच एक मराठी मुलगा इथे जपानमध्ये अझुचीच्या डोंगरावर उभा राहून सांगतोय, "इथे काही नाही, नुसते दगड. सरकारनं किल्ला नव्यानं बांधून काढावा."

काही नाही? अरे, १५७६ साली ओडा नोबुनागा या सरदारानं बिवा सरोवराकाठी हे काम काढलं. १५७९मध्ये आतून सात मजली मनोरा उभा राहिला. १५८२मध्ये नोबुनागा क्योटोच्या होन्नोजी मंदिरात संपला आणि दोन आठवड्यांच्या आत मनोराही जळाला. कोणी जाळला, यावर अजून वाद आहेत.

माझे अप्पा इकडे आले होते तेव्हा त्यांना तिथे नेलं होतं. ओतेमिचीच्या, म्हणजे किल्ल्याच्या मुख्य वाटेच्या, पायऱ्या चढताना ते मध्येच थांबले. पायरीत बुद्धाची छोटी मूर्ती बसवलेली. बांधकामाची घाई, दगड अपुरे, म्हणून आजूबाजूचे हाती लागतील ते दगड आणले, त्यात मूर्तीही आल्या, असं सांगतात. अप्पांनी त्या पायरीवर पाय ठेवला नाही. गुडघा धरून कडेकडेनं वर गेले. नोबुनागा कसा माणूस होता हे मला वेगळं सांगावं लागलं नाही. आणि ही वाट काही आयती मिळालेली नाही, १९८९पासून वीस वर्षं उत्खनन झालंय तिथे.

हो, ओसाकाच्या १९३१मध्ये काँक्रीटनं पुन्हा बांधलेल्या किल्ल्यात लिफ्ट आहे, म्हाताऱ्यांची सोय होते. मान्य.

पण अझुचीत बांधणार काय? किल्ल्याचं चित्र असलेले घडीचे पडदे नोबुनागानं वालिन्यानो या जेझुइट पाद्र्याला दिले. जपानी मुलांच्या दूतमंडळाबरोबर ते आपल्या गोव्यावरून रोमला गेले, १५८५मध्ये पोप तेराव्या ग्रेगरीला मिळाले आणि पुढे गायब झाले. शोध घेऊनही सापडले नाहीत.

वर मनोऱ्याच्या तळघरात पायाचे दगड ओळीनं आहेत. अप्पा त्यांच्यामधून फिरत होते, "इथे खांब, इथे खांब" म्हणत. बरोबर मधोमध येऊन म्हणाले, "इथलाच दगड का नाही गं?" अभ्यासक नेमके यावरच भांडतात! एक म्हणतो आत कित्येक मजले उंच मोकळा चौक होता, दुसरे म्हणतात शक्यच नाही. मग कोणाचा किल्ला बांधायचा?

लिहिता लिहिता राग थोडा उतरलाय. त्या मुलाला हे कोणी सांगितलं नसेल. अझुची ज्यात येतं त्या शिगा प्रीफेक्चरनं (प्रांतानं) डिजिटल पुनर्निर्मितीचा मार्ग धरलाय, तो मला पटतो. १९९२च्या सेव्हिल एक्स्पोसाठी वरचे दोन मजले पूर्ण आकारात केले होते, सोन्यारंगासकट, ते अझुचीतच संग्रहालयात आहेत. जरूर बघा. उद्या चूक निघाली तरी मूळ जागेला धक्का नाही.

डोंगरावर मात्र अप्पा ज्यांच्यामधून फिरले ते दगड एक तर उकरावे लागतील, नाहीतर गाडावे लागतील. १९५२पासून विशेष ऐतिहासिक स्थळ म्हणून जपलेल्या जागी हे सुचतं तरी कसं लोकांना?