अस्वानचा घुमट, येरवड्याचा महाल

इजिप्तमधल्या बेनबानच्या सौर प्रकल्पावर नोकरी, बिऱ्हाड जवळच्या अस्वान शहरात. शुक्रवारी सुटी, म्हणून संध्याकाळी फेलुकात, म्हणजे शिडाच्या होडीत, बसून नाईलवर भटकायचं. पश्चिम काठाच्या टेकडीवर, नुसत्या वाळूत, गुलाबी दगडाचा एक घुमट दिसतो. तिथे इस्माइली मुस्लिमांचे धर्मगुरू, तिसरे आगाखान यांची कबर आहे. जन्म कराचीचा, बालपण मुंबई-पुण्याचं, १९५७ साली जिनिव्हाजवळ निधन, आणि दफन इथे, स्वतः निवडलेल्या जागी. त्यांच्या पत्नी बेगम उम्म हबीबांनी तिथे रोज एक लाल गुलाब ठेवायचा रिवाज पाडला. २००० साली त्याही तिथेच विसावल्या.

घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर वाद पेटलाय तो अरबी समुद्रातल्या शिवस्मारकाचा. जलपूजन होऊन (डिसेंबर २०१६) इतकी वर्षं गेली, तरी ‘स्मारक की रुग्णालय’ हे सुरूच. मी कायम रुग्णालयवाला. मग एका चुलत्याने मला खिंडीत पकडलं: ‘तुझ्या त्या आगाखानाला तर ब्रेबॉर्न स्टेडियमवर हिऱ्यांनी तोललं होतं, त्याचं काय?’

तोललं होतं, १९४६ साली. पण तो पैसा इस्माइली अनुयायांनी आपल्या खिशातून दिलेला होता आणि त्यातून समाजासाठी ट्रस्ट उभा राहिला. माझ्या-तुमच्या कराला त्यात कुणी हात लावला नाही. सरकारी तिजोरीतून बांधणार असाल तर हिशेब विचारणारच, काका. श्रद्धा कमी आहे म्हणून नव्हे.

एवढं लिहून मी जिंकलो असं वाटलं, पण एक गोष्ट मलाच खुपते. हा घुमट १९९७ पासून सर्वसामान्यांना बंद आहे. तीन वर्षं मी तो होडीतूनच बघतोय. २०२५ च्या फेब्रुवारीत चौथ्या आगाखानांनाही इथेच आणलं, तेव्हाही आम्ही या काठावरूनच बघितलं. खासगी पैशाचं हेही एक रूप: दार कधी लावायचं ते मालक ठरवणार.

आणि आमच्या येरवड्याजवळचा आगाखान पॅलेस? दुष्काळात लोकांना काम मिळावं म्हणून १८९२ साली तिसऱ्या आगाखानांनी बांधलेला, १९६९ साली चौथ्यांनी देशाला दिलेला. तिकीट काढलं की कुणीही आत. आत समाध्या मात्र कस्तुरबा आणि गांधीजींचे सचिव महादेवभाई देसाईंच्या. शाळेच्या सहलीत आम्हाला गांधीजींची खोली दाखवली होती. महाल कुणी बांधला, हे बाईंनी सांगितल्याचं आठवत नाही.

नावाड्याला हे मोडक्या अरबीत सांगितलं. तो हसला आणि शीड फिरवलं. वारा पडायला लागला होता.