घाव चाळीस नव्हते, आणि ती ‘सत्यघटना’ही नाही

गेल्या पंधरवड्यापासून आमच्या गावच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर एक व्हिडिओ फिरतो आहे. अमेरिकेतल्या लिझी बोर्डेन खून खटल्यावर १९७५ साली तिकडच्या टीव्हीसाठी एक चित्रपट निघाला होता, ‘द लेजंड ऑफ लिझी बोर्डेन’. त्याचे तुकडे जोडून वरून कोणीतरी हिंदीत गोष्ट सांगितली आहे. खाली मराठीत मजकूर आहे: ‘सत्यघटना. या पोरीने आई-बापाला कुऱ्हाडीचे चाळीस-चाळीस घाव घातले. रक्त लागू नये म्हणून कपडे काढून खून केले. बाई म्हणून जजला दया आली आणि ती सुटली. कोर्ट सोडते, पण गावाला सगळे माहीत असते.’

चौकातल्या पोरांनी मला थांबवून विचारलं, “पाटीलकाका, तुमी इतल्या वर्साचे पोलीस पाटील, सांगा बरं, हे खरं हाय का नाई?” मी तेव्हा काही बोललो नाही. हे प्रकरण मी पूर्वी वाचलं होतं, ते पुन्हा काढून वाचलं. आता सांगतो.

आधी चाळीस घाव. हा आकडा खटल्यातला नाही, त्या काळी पोरासोरांच्या तोंडी झालेल्या एका बडबडगाण्यातला आहे. गाण्यात आईला चाळीस आणि बापाला एक्केचाळीस. ४ ऑगस्ट १८९२ रोजी मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या फॉल रिव्हर गावात जे दोन मृतदेह सापडले, त्यांतल्या अ‍ॅबी बोर्डेनच्या डोक्यावर अठरा-एकोणीस घाव होते आणि अँड्र्यू बोर्डेनच्या दहा-अकरा. दोन्ही मिळून तीसच्या आसपास. अ‍ॅबी लिझीची सावत्र आई होती आणि ‘पोरगी’ बत्तीस वर्षांची होती. घाव तीस असले म्हणजे गुन्हा हलका होतो असं कोणी म्हणणार नाही. पण मोजून लिहिलेली गोष्टच ज्याने गाण्यातून उचलली, त्याच्या बाकीच्या मजकुरावर डोळे मिटून कसा विश्वास ठेवायचा?

आता कपडे काढल्याची गोष्ट. व्हिडिओत सर्वांत जास्त पाहिला जातो तो हाच तुकडा, म्हणून यावर जरा थांबतो. तसं करताना लिझीला कोणी पाहिलं नाही आणि तशी साक्ष खटल्यात कोणी दिली नाही. खून कसे झाले हे पाहणारा माणूसच नव्हता. सरकार पक्षापुढे अडचण ही होती की बापाचा मृतदेह सापडल्यावर शेजारीण आली, डॉक्टर आले, आणि लिझीच्या अंगावर, केसांवर, कपड्यांवर रक्ताचा डाग कोणालाच दिसला नाही. ही अडचण चित्रपटवाल्यांनी आपल्या कल्पनेने सोडवली. ‘असं झालं असेल का?’ हे त्यांनी चित्रात दाखवलं आणि पाहणाऱ्याने त्यातलं ‘असेल का’ गाळून टाकलं. चित्रपटाच्या नावातच ‘लेजंड’ आहे, म्हणजे दंतकथा. करणाऱ्यांनी नावातच सांगितलं होतं. ‘सत्यघटना’ आपल्याकडे कोणीतरी चिकटवलं.

पोलीस पाटील महाराष्ट्र ग्राम पोलीस अधिनियम, १९६७ खाली नेमलेला असतो. तो ठाण्याला खबर देतो आणि ठाणेदार येईपर्यंत जागा राखतो. मी अशी जागा राखली आहे. एका कोठ्यात माणूस पडलेला, ढोरं बांधलेली, आणि बाजूला तिवसाच्या दांड्याची कुऱ्हाड. दाराशी जमलेल्यांतला प्रत्येक जण खून कोणी केला ते छातीठोकपणे सांगत होता. जमादारांनी पंचांसमोर कुऱ्हाड उचलली, कागदात गुंडाळली, वर लाखेचं सील लावलं. पात्यावर काळपट थर होता आणि सगळे म्हणाले, रक्त. महिन्यांनी प्रयोगशाळेचा अहवाल आला. रक्त नव्हतं, गंज आणि झाडाचा चीक होता. माणूस मेला होता हे खरंच, पण त्या कुऱ्हाडीने नाही.

फॉल रिव्हरला याच्याशी फार जुळणारी गोष्ट घडली. बोर्डेनच्या तळघरात कुऱ्हाडी सापडल्या. एकीवर केस चिकटलेला होता. हार्वर्डचे प्राध्यापक एडवर्ड वूड यांनी तपासला, तर तो जनावराचा निघाला. दुसरी होती दांडा मोडलेल्या हातकुऱ्हाडीचं नुसतं पातं, राखेने माखलेलं. सरकार पक्षाचा भर तिच्यावर, पण तिच्यावरही रक्त मिळालं नाही. त्यातच एका पोलिसाने साक्षीत सांगितलं की पात्यासोबत दांड्याचा तुकडाही होता, आणि त्याच्याच वरच्या अधिकाऱ्याने सांगितलं, नव्हता. पंचनाम्यातल्या दोघांची तोंडं अशी दोन दिशांना गेली की खटल्याचं काय होतं, हे तालुक्याच्या कोर्टाच्या व्हरांड्यात बसलेल्या कोणालाही विचारा.

कोठाराच्या पोटमाळ्याचीही अशीच गत. लिझी म्हणाली, बाप मारला गेला तेव्हा ती आवारातल्या कोठाराच्या माळ्यावर होती. पोलीस म्हणाले, माळ्यावरच्या धुळीत पाऊल उमटलेलं नव्हतं. मग बचाव पक्षाने दोन पोरं उभी केली. ती म्हणाली, पोलीस चढण्याआधी आम्हीच वर जाऊन आलो. एका आइस्क्रीम विकणाऱ्याने कोठाराकडून घराकडे येणारी बाई पाहिल्याचं सांगितलं. व्हिडिओत यातलं काहीच नाही.

‘बाई म्हणून जजला दया आली.’ सोडलं ते जजने नाही, ज्युरीने, म्हणजे निकाल द्यायला निवडलेल्या साध्या नागरिकांनी. बारा पुरुष, त्यात बरेच शेतकरी. २० जून १८९३ रोजी तास-दीड तासात त्यांनी ‘निर्दोष’ सांगितलं. तोवर ती दहा महिने तुरुंगात होती. ती चर्चला जाणारी, पैसेवाल्या घरची, बचावाला राज्याचा माजी गव्हर्नर जॉर्ज रॉबिन्सन. एखाद्या मोलकरणीला हे मिळालं नसतं. हे मी मान्य करतो, आणि न्यायमूर्ती ड्यूई यांनी ज्युरीला जे समजावलं ते तिच्या बाजूला झुकलेलं होतं हेही मान्य करतो. पण निकाल नुसता दयेवर गेला नाही. अटकेआधीच्या चौकशीत तिने दिलेली उत्तरं एकमेकांशी जुळत नव्हती. न्यायाधीशांनी ती पुराव्यात घेतली नाहीत, कारण ती तेव्हा नावापुरतीच मोकळी होती आणि चौकशीच्या खोलीत तिचा वकील नव्हता. शिवाय त्या दिवसांत डॉक्टर तिला मॉर्फीन देत होते. आपल्याकडेही पोलिसापुढे दिलेला कबुलीजबाब कोर्टात चालत नाही. १८७२ च्या पुरावा कायद्यात ते कलम २५ होतं, नव्या कायद्यातही ते ठेवलं आहे. हे कलम गरिबाच्या किती उपयोगी पडतं ते मी जवळून पाहिलं आहे. ते तिकडच्या श्रीमंत बाईच्या उपयोगी पडलं म्हणून चूक ठरत नाही.

मग ती निर्दोषच होती का? तिच्यावर संशयाला जागा होती, आणि ती लपवून मला प्रतिवाद करायचा नाही. मोठी बहीण बाहेरगावी, बाप आणि पाहुणा मामा बाहेर गेलेले. साडेनऊच्या सुमारास सावत्र आई वरच्या खोलीत मारली गेली. बाप पावणेअकराला घरी आला आणि अकरा वाजून गेल्यावर कोचावर मेलेला सापडला. मधला दीड तास घरात लिझी आणि कामवाली ब्रिजेट या दोघीच असल्याचं ठाऊक आहे, आणि ब्रिजेट बराच वेळ बाहेरून खिडक्या धूत होती. आजारी मैत्रिणीची चिठ्ठी आल्याने आई बाहेर गेली, असं लिझी म्हणाली. ती चिठ्ठी कधी सापडली नाही. खुनानंतरच्या रविवारी तिने एक कपडा चुलीत जाळला. रंग लागला होता, म्हणाली. मी ज्युरीत असतो तर या चुलीपाशी मीही अडकलो असतो. पण संशय वेगळा आणि सिद्ध होणं वेगळं, आणि त्या मजकुरात दोन्ही एकच करून टाकलं आहे.

चित्रपटात बापाला प्रेतांचा नाद असल्याचं सुचवलं आहे. तो पूर्वी फर्निचरसोबत शवपेट्या विकायचा, एवढंच खरं. ‘पैसे घेऊन पळून गेली’ असं एकाने खाली लिहिलं, तेही खोटं. ती त्याच गावात मोठ्या घरात राहिली आणि १ जून १९२७ रोजी तिथेच वारली. चर्चमध्ये लोक तिच्या शेजारी बसेनात. मृत्युपत्रात तिने गावातल्या प्राणी वाचवणाऱ्या संस्थेला तीस हजार डॉलर ठेवले. एक गोष्ट मात्र बरोबर आहे: लिझीचं काम करणारी एलिझाबेथ माँटगोमेरी तिची लांबची नातलग होती. पण ते नटीच्या मृत्यूनंतर कोणी वंशावळ काढली तेव्हा कळलं.

राहिलं शेवटचं वाक्य: ‘कोर्ट सोडते, पण गावाला सगळे माहीत असते.’ मी लिहायला बसलो तो या वाक्यामुळे. त्याखाली कोणीतरी लिहिलं, ‘आपल्या इकडचीही आहे एक लिझी’, आणि पुढे नाव. ती बाई आमच्या पलीकडच्या गावची. नवऱ्याच्या मृत्यूचा तिच्यावर खटला चालला आणि सेशन कोर्टाने निर्दोष सोडलं. निकालाला काही वर्षं झाली. तरी हातपंपावर ती आली की बाया आपली गुंडी बाजूला घेतात, आणि कापूस वेचायला तिला सोबतीण मिळत नाही. गावाला काय माहीत आहे? मी त्या गावात चौकशी केली होती. ज्यांना ‘सगळं माहीत’ होतं, त्यांतला एकही साक्षीला गेला नव्हता. मी विचारलं, तर उत्तर एकच, “आमी काई पाह्यलं नाई, पण सारेच म्हन्तात.”

आमच्या गटात ते नाव लिहिणाऱ्या पोराला मी घरी बोलावलं. सोबत त्याची आजीही आली. त्याला मी वर लिहिलं तेवढंच सांगितलं. त्याने मान खाली घालून ऐकलं आणि ते नाव तिथेच काढून टाकलं. आजी जाताना म्हणाली, “पाटील, त्या बाईची सासू मायी मावसबहीण. म्या बी चार ठिकानी हेच बोलली हावो.”

शेजारच्या दोन गावांच्या गटांत ते नाव अजून आहे. तिथल्या अ‍ॅडमिनना आज संध्याकाळी फोन करतो.