अनुनाकी सोनं खणायला आले होते? पाट्यांवर असं काहीच नाहीये

तो फॉरवर्ड परत फिरतोय. अनुनाकी नावाचे एलियन निबिरू ग्रहावरून सोन्यासाठी पृथ्वीवर आले, जीन्स बदलून माणूस नावाचा गुलाम बनवला, आणि हे सगळं म्हणे प्राचीन इराकमधल्या सुमेरियन मातीच्या पाट्यांवर लिहिलंय. नाही लिहिलेलं.

आधी सोनं. देव कामाला कंटाळले म्हणून माणूस घडवला ही गोष्ट अत्रहासिस काव्यात आहे, त्याची इ.स.पू. 17व्या शतकातली अक्कादी प्रत मिळालीये, आणि त्यात काम कसलं तर कालवे खणायचं. इगिगी नावाचे कनिष्ठ देव खणून खणून वैतागतात, अवजारं पेटवतात आणि रात्री वरिष्ठ देव एनलिलच्या घराला वेढा घालतात, म्हणजे सरळ संपच. दक्षिण इराकच्या गाळाच्या जमिनीत सोनं सापडतच नाही, ते बाहेरून आणायचे, पण कालव्यातला गाळ नाही उपसला तर पीक गेलं, त्यामुळे तिथल्या माणसाला कंबर मोडणारं काम म्हटलं की हेच आठवणार ना.

निबिरू हा बॅबिलोनच्या खगोल-पाट्यांत मार्दुकचा, म्हणजे बॅबिलोनच्या मुख्य देवाचा, तारा आहे. अनुनाकी, म्हणजे पाट्यांवरचे देव, तिथून आले ही जोडणी लेखक झेकरिया सिचिनची, 1976 ची.

जीन्सचं म्हणाल तर काव्यात माणूस बनतो तो असा: माती, त्यात मारलेल्या एका देवाचं रक्तमांस, आणि त्यावर देव थुंकतात. त्या देवाची बुद्धी माणसात उतरते, हा एवढा मोठा विचार लॅबच्या नादात गायब होतो.

आता गुलाम. राबण्यासाठी बनवला हे खरंय, पण पुढे वाचा की. रोगराई आली तेव्हा शहाणपणाचा देव एन्की सल्ला देतो की बाकी सगळ्या देवांची पूजा बंद करा, फक्त रोगाच्या देवाच्या, नमतारच्या दारात भाकरी न्या, तो ओशाळून हात आवरेल, आणि तसंच होतं. नंतर पुरात माणसं बुडाल्यावर देवांचीच उपासमार होते, मातादेवी रडते, आणि पुरातून वाचलेल्या अत्रहासिसने नैवेद्य दाखवल्यावर सगळे माश्यांसारखे गोळा होतात.

आणि देवाशी असा देण्याघेण्याचा व्यवहार फक्त पुराणातला नाही. अपिल-अदाद नावाच्या माणसाने आपल्या वैयक्तिक देवाला लिहिलेलं खरं पत्र आहे. देवाला बाप म्हणतो, स्वतःला सेवक म्हणतो आणि तरी सरळ विचारतो की माझ्याकडे दुर्लक्ष का केलंस, माझ्यासारखा दुसरा तुला कोण आणून देणार, आता मार्दुकला लिही, त्याचा तुझ्यावर जीव आहे, आणि माझ्या घरातल्या लहानथोरांकडे बघून तरी दया कर.