पैसा पडून राहिला म्हणजे गरज नव्हती?

तुमची प्रतिक्रिया वाचली. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: अमेरिकेत क्लिंटन सरकारने १९९७ साली सरकारी मदतीवर जगणाऱ्यांना नोकरीला लावण्यासाठी ३ अब्ज डॉलरची अनुदानं काढली, तीही वेळेत खर्च झाली नाहीत. म्हणजे त्या लोकांना कामच नको होतं आणि मी उगाच त्यांची वकिली करतोय.

पैसा रेंगाळला हे खरंच. पण तो अडला कुठे ते बघा. ७० टक्के रक्कम ज्यांच्यावर खर्च करायची ते किमान ३० महिने मदतीवर हवेत किंवा त्यांची मदत वर्षभरात संपणारी हवी. शिवाय तीनपैकी दोन अडचणी हव्यात: हायस्कूल अर्धवट आणि वाचन किंवा गणितही कच्चं, नोकरीसाठी व्यसनमुक्तीच्या उपचारांची गरज, गेल्या १२ महिन्यांत सलग ३ महिन्यांहून जास्त काम केलेलं नाही.

आता समजा एखादी बाई चार वर्षं मदतीवर आहे. पदरात दोन लेकरं. हायस्कूलचा दाखला आहे, पण वाचता जेमतेम येतं. मध्यंतरी एका दुकानात सलग चार महिने राबली. या ७० टक्क्यांतून ती बाद! दाखल्यामुळे पहिली अडचण कागदावर उरली नाही, त्या चार महिन्यांमुळे तिसरी. व्यसनही नाही बिचारीला.

त्यात नोकरी लागण्याआधी प्रशिक्षणावर खर्च करायला बंदी. राज्यांना वाटलेल्या मोठ्या हिश्श्यात केंद्राच्या दर २ डॉलरमागे राज्याने पदरचा १ डॉलर घालायचा. काही राज्यांनी तो निधी घेतलाच नाही. शेवटी १९९९ साली तिथल्या संसदेने दोन अडचणींची अट काढली, नोकरीआधी सहा महिन्यांपर्यंतच्या प्रशिक्षणाला मुभा दिली. पुढे खर्चाची मुदतही ३ वर्षांवरून ५ वर्षं झाली. लोक आळशी निघाले म्हणून कोणी पात्रतेचे नियम सैल करत नाही हो.

तेव्हा नोकऱ्या भरपूर होत्या, हा तुमचा मुद्दा मान्य. २००० साली बेरोजगारी ४ टक्क्यांवर होती. पण म्हणूनच ज्यांना सहज काम मिळणार होतं ते आधीच बाहेर पडले. मागे राहिले ते गाडी नसलेले, रात्रपाळीला मूल कुठे ठेवायचं हा प्रश्न असलेले.

राहिली तुमची सूचना, की त्यापेक्षा मालकांना करसवलत द्यायची. तीही होती. दीर्घकाळ मदतीवर असलेल्याला कामावर घेतलं, तर मालकाला दोन वर्षांत मिळून ८,५०० डॉलरपर्यंत सूट, १९९८ पासून.