ऐच्छिक अंडं

शाळा व्यवस्थापन समितीचा अध्यक्ष मी कसा झालो, तर सभेला उशिरा पोचलो. कायद्याने तीन चतुर्थांश सदस्य पालकच लागतात. हजर पालकांनी आधीच एकमेकांकडे बोटं दाखवून झाली होती. मी दारात चप्पल काढत असतानाच टाळ्या पडल्या.

बोरी नदीच्या काठचं आमचं गाव, शाळा जिल्हा परिषदेची, पट २७. पट तिसाच्या आत, म्हणून वर्षाचं शाळा अनुदान १० हजार. खडू, झाडू, नळाची तोटी, सगळं त्यातच. पण पोषण आहारात आठवड्याला एक अंडं आलं आणि त्या दिवशी हजेरी शंभर टक्के लागू लागली. ताप आलेलं पोरसुद्धा दुपारपुरतं बरं व्हायचं.

जानेवारी २०२५ मध्ये शासन निर्णय आला. अंडी आता 'ऐच्छिक'. खिरीची साखरही तशीच. हवी असतील तर समितीने लोकसहभागातून करावं, शासनाकडून वेगळा निधी नाही. मॅडमनी कागद वाचून माझ्याकडे बघितलं. त्या बघण्यातच मला कळलं, की लोकसहभाग म्हणजे मी.

हिशेब साधा होता. चार पोरांच्या गळ्यात माळ, त्यांना केळी. ती चोपड्याकडून कुणीही आणून टाकतं, खान्देशात केळ्याला काय तोटा? उरली २३ अंडी. सात रुपयांनी १६१. सप्त्याच्या पंगतीला एका सकाळीत अकरा पोती गहू गोळा करणारं आमचं गाव, १६१ रुपये म्हणजे काहीच नाही, असं वाटून पिशवी घेऊन निघालो.

पहिल्याच ओट्यावर आप्पा तंबाखू मळत बसले होते. सगळं ऐकून घेतलं, चिमूट दाढेखाली सारली आणि म्हणाले, "भाऊ, सरकारले परवडस नही, मंग माले कसं परवडी?"

याला उत्तर काय द्यायचं? अजून सापडलेलं नाही.

पलीकडे काकूंच्या दारात चांगल्या सात कोंबड्या फिरत होत्या. पण काकू म्हणाल्या, "मन्ही कोंबडी अंडावर बसेल शे. ती उठनी म्हंजे देखू." बाकीच्या सहांचं मी विचारलं नाही. तिसऱ्या घरी लोकसहभागाची पावती मागितली. पावतीपुस्तक छापायचं तर त्याला पुन्हा वर्गणी.

संध्याकाळी घरी सांगितलं तर बायको म्हणाली, "बरं, उद्यापासून तुमच्या भाजीत मीठ ऐच्छिक. हवं असेल तर शेजारून आणा."

मग ठरवलं, निवेदनच द्यायचं. रात्री जागून लिहिलं. शिक्षणावर राष्ट्रीय उत्पन्नाच्या ६ टक्के खर्च करा असं कोठारी आयोगाने १९६६ मध्येच सांगितलं, २०२० च्या धोरणानेही तेच ६ पुन्हा लिहिले. आकडा तेवढा इमानाने जपला आहे. शेवटी साने गुरुजींना आणलं. आपल्या अमळनेरात १९२४ ते १९३० गुरुजींनी पोरं शिकवली, वसतिगृहात त्यांना आईच्या मायेने सांभाळलं, वगैरे. लिहिताना माझे मलाच डोळे पुसावे लागले.

कचेरीत आवक-जावकच्या टेबलावर साहेबांनी निवेदन लांब धरून वाचलं. "'कपात' खोडा."

"का?"

"कपात कुठे आहे? ऐच्छिक आहे. आणि गुरुजी काढा, एका पानात बसवा. तीन प्रती."

गुरुजी काढले. 'कपात' मात्र ठेवली, उलट खाली दोन रेघा मारल्या. टायपिंग, झेरॉक्स, जाण्यायेण्याचं भाडं, मध्ये एक चहा: १७४ रुपये. एका आठवड्याची अंडी येऊन वर केळ्यांना १३ उरले असते. पण पोच मिळाली. गोल शिक्का, जांभळी शाई, आकडा वाचता येत नाही.

शुक्रवारपर्यंत गावातून १६ अंडी जमली. आप्पांची दोन धरून. रात्री पिशवी दाराशी ठेवून गेले, बोलले काही नाहीत. मॅडमनी अंडी उकडली, शिवणाचा दोरा ताणून सात अंडी मधोमध कापली. पिवळं इकडे तिकडे सांडू दिलं नाही. नऊ अख्खी, चौदा अर्धी, हिशेब जुळला. अख्खी कुणाला, यावर वाद नको म्हणून अर्ध्यांची सुरुवात त्यांनी अध्यक्षांच्या घरापासून केली.

संध्याकाळी चिरंजीव दप्तर टाकून समोर उभे राहिले.

"बाबा, तुम्ही अध्यक्षपद सोडा ना. मला अख्खं मिळेल."