‘मुलगे उशिराच बोलतात, तीन वर्षं थांबा’: त्या मेसेजला उत्तर

पालकांच्या व्हॉट्सॲप गटांवर हा मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय. शब्द बदलतात, मजकूर तोच: मुलगे उशिराच बोलतात, त्याचे बाबाही उशिरा बोलले होते, ताटली वाजवली की वळून बघतो, म्हणजे कान ठणठणीत, जिभेला वेखंड लावा, घरात एकच भाषा बोला, आणि तीन वर्षं पूर्ण होईपर्यंत स्पीच थेरपीच्या फंदात पडू नका. यातलं एखादं वाक्य अर्धं खरं आहे, म्हणून तर लोक तो विश्वासाने पुढे ढकलतात.

मुलग्यांपासूनच सुरुवात करू. सरासरीने ते मुलींच्या किंचित मागे असतात, पण महिना-दोन महिने, वर्षभर नव्हे. पहिल्या वाढदिवसाच्या आसपास मूल हाकेला वळतं, टाटा करतं. दीड वर्षाचं होईपर्यंत हवं ते बोटाने दाखवतं आणि काही अर्थपूर्ण शब्द बोलतं. दोन वर्षांचं झालं की साधारण ५० शब्द आणि ‘बाबा ये’, ‘दूध अजून’ अशा जोड्या अपेक्षित असतात. शब्द शुद्ध असायची गरज नाही. कुत्र्याला दर वेळी ‘भू’च म्हणत असेल तर तो एक शब्द धरायचा. हे टप्पे मुलगा-मुलगी दोघांनाही सारखेच लागू.

‘बाबाही उशिरा बोलले’ हा तर उलटा युक्तिवाद झाला. घरात कुणी उशिरा बोललं असेल तर मूल मागे पडण्याची शक्यता वाढते, म्हणजे तपासणी लवकर करायला हवी. दोन वर्षांना मागे असलेली बरीच मुलं पुढे आपोआप बरोबरीला येतात, हे आम्हालाही मान्य आहे. पण आपलं मूल त्यांतलं आहे का, हे घरबसल्या ओळखता येत नाही. हाव-भाव कमी, सांगितलेलं कळत नाही, नक्कल करत नाही, अशा मुलांच्या बाबतीत तर नुसतं थांबणं महागात पडतं.

ताटलीची परीक्षा सगळ्यांत फसवी. ताटलीचा दणका मोठा असतो, शिवाय मुलाला आपला हात दिसतो, जमिनीची थरथर जाणवते. बोलण्यातले स, श, त, क हे आवाज मात्र हळू आणि उंच पट्टीचे. काही मुलांना ढोल ऐकू येतो, दाराची घंटा ऐकू येते, आणि ‘बस’मधला ‘स’ कधीच पोचत नाही. वारंवार सर्दी होणाऱ्या मुलांच्या कानाच्या पडद्यामागे पाणी साठतं. मग आज ऐकू येतं, उद्या कमी येतं, आणि घरचे म्हणतात, ‘लक्षच देत नाही.’

म्हणून उशिरा बोलणाऱ्या प्रत्येक मुलासाठी पहिली पायरी थेरपीची नाही, ऑडिओलॉजिस्टकडची, म्हणजे ऐकू किती येतं ते तपासणाऱ्या तज्ज्ञाकडची. ‘ओएई’ तपासणीत कानात छोटी मऊ नळी बसवतात. काही मिनिटांचं काम, मूल शांत हवं. मळ किंवा पाणी असलं की ती नापास येते, म्हणून कानाचे डॉक्टर आधी कान बघतात. ‘बेरा’मध्ये डोक्याला तारा चिकटवून आवाज मज्जातंतूंतून पुढे जातो का ते पाहतात. मूल गाढ झोपलेलं लागतं, म्हणून त्या दिवशी त्याला आधी जागं ठेवून न्या. गाडीत झोपलं तर तिथे पोचल्यावर टक्क जागं! जन्मल्यावर ‘ओएई’ पास झाली होती हे उत्तर पुरेसं नाही. बहिरेपण नंतरही येतं, आणि काही मुलांत आतला कान चालतो पण नस संदेश पोचवत नाही. तिथे ‘ओएई’ पास होते, दोष ‘बेरा’त सापडतो. खर्चाची अडचण असेल तर २०१३ पासून चालू असलेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातून जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवून घेता येतं. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग ही ऐकण्या-बोलण्याच्या अडचणींसाठीची केंद्र सरकारची संस्था आहे.

वेखंडाबद्दल थोडक्यात. भाषा मेंदूत घडते. जीभ चोळून शब्द येत नाहीत. वेखंडातल्या बीटा-असारोन या घटकामुळे अमेरिकेत ते खाद्यपदार्थांत वापरायला १९६८ पासून बंदी आहे. मधातून देत असाल तर एक वर्षाच्या आत मध मुळीच नको, त्यातून बॉट्युलिझमचा, म्हणजे जंतूंच्या विषाने स्नायू लुळे पडण्याचा, धोका असतो. जिभेखालचा पडदा कापण्याचंही तसंच: तो घट्ट असेल तर अंगावर पिताना अडचण येते, क्वचित उच्चार बिघडतात, पण शब्दच न येण्याचं कारण सहसा तो नसतो.

दोन भाषांनी मूल गोंधळत नाही. ‘पाणी’ आणि ‘वॉटर’ दोन्ही येत असतील तर दोन्ही मोजा. नुकसान होतं ते वेगळ्याच ठिकाणी: शाळेसाठी म्हणून आई-आजी मराठी सोडून तुटक इंग्रजीत बोलू लागतात आणि गप्पाच आटतात.

राहिला ‘थेरपीचा फंद’. भामटे आहेतच. म्हणून भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक विचारा, आणि तीन महिन्यांत नेमकं काय साधायचं आहे तेही. आई-बाबांना बाहेर बसवून मुलाकडून नुसते शब्द घोकून घेत असतील तर दुसरीकडे जा. आठवड्यात पाऊण तासाची दोन सेशन्स म्हणजे दीड तास. बाकीचा आठवडा घरीच जातो. आवडीचा खाऊ घट्ट झाकणाच्या पारदर्शक बरणीत ठेवा, बरणी मुलाच्या हातात द्या आणि मनात दहापर्यंत मोजा. त्याने बघितलं, हात पुढे केला, ‘अं’ म्हटलं, काहीही चालेल. आपण ‘उघड’ म्हणायचं आणि लगेच उघडायचं. ‘आधी म्हण, मग देते’ हा हट्ट केला की मूल रडतं आणि खेळ तिथेच संपतो. ‘हे काय? ते काय?’ची सरबत्तीही नको. मूल ‘गाडी’ म्हणालं तर आपण ‘लाल गाडी’ म्हणायचं, एकच शब्द वाढवून. कार्टून लावून शब्द येतील ही आशा सोडा. दोन वर्षांच्या आत तर स्क्रीन नकोच.

येत असलेले शब्द जाऊ लागले, तर वय कितीही असो, त्याच आठवड्यात बालरोगतज्ज्ञांकडे जा. एरवी कानाची आणि थेरपीची, दोन्ही तारखा एकदमच मागून ठेवा, कानाची आधीची. थेरपीची महिन्याने मिळाली तर तोवर येणारे सगळे शब्द, ‘भू’ आणि ‘मम’ धरून, कागदावर लिहा, आणि घरच्या खेळाचा दोन-तीन मिनिटांचा व्हिडिओ काढून ठेवा. अनोळखी खोलीत बरीच मुलं तोंड उघडत नाहीत.